घरच्या लाइनवर वेल्डिंग : अडखळणारा आर्क कसा सुटला

गोव्यात डिचोलीला आमच्या पडवीपुढे पावसाळी छप्पर करायचे होते. ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप. त्यासाठी घरच्या सिंगल फेजवर चालणारे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले. जुन्या तांब्याच्या ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा ते हलके, वीजही कमी ओढते.

दिवेलागणीला मात्र रॉड चिकटू लागला. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, धरेचना. मशीन खराब असेल असे शेजारी म्हणाले, पण मी आधी व्होल्टेज मोजले आणि कारण तिथेच सापडले. अडीच मिलिमीटरच्या ६०१३ या नेहमीच्या प्रकारच्या रॉडला मशीनवर ८० अँपिअर लावले, की असे मशीन घरच्या लाइनमधून साधारण १३-१४ अँपिअर ओढते. एक चौरस मिलिमीटरची तीस मीटर एक्स्टेन्शन असेल तर पंधरा व्होल्ट वायरीतच जातात. संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेले असते, त्यात ही भर.

वायरमनकडून मेन बोर्डावरून चार चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची लाइन ओढून घेतली, सी टाइप (सुरुवातीचा झटका सोसणारा) २० अँपिअर एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच, आणि पक्के अर्थिंग. वायरीतली घट चारेक व्होल्टवर आली, आर्क लोण्यासारखा चालू लागला.

म्हणून मशीनवरचा २०० हा आकडा पाहून भुलू नका. मशीन दीडशेवर नेले तर घरच्या लाइनमधून वीसच्या वर अँपिअर लागतात, घरचा सॉकेट ते पेलत नाही. पातळ पाइपला त्याची गरजही नाही.

पाइप काळाच घ्या. गॅल्व्हनाइज्डचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचा, धूर ताप आणतो. आपल्या खाऱ्या दमट हवेत सांध्यांवरचा स्लॅग (रॉडच्या लेपाची कडक खपली) खरवडून त्याच दिवशी झिंक प्रायमर मारा.