बोका गुबगुबीत नाही, जाड झालाय! मग काय करायचं?

आमचा बोका साडेसहा किलोचा झाला तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय गोड गुबगुबीत आहे! मलाही भारी वाटायचं. मग एकदा बघितलं तर कमरेवरच्या केसांच्या गाठी झालेल्या, कारण साहेबांची जीभ तिथपर्यंत पोचतच नव्हती.

तर आधी चेक करा. बरगड्यांवरून हलकेच हात फिरवा, न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडी बघून घाबरू नका, ती बारीक मांजरांनाही असते. वजन करायला मांजर उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी.

नसबंदीनंतर भूक वाढते पण एनर्जी साधारण २० ते ३० टक्के कमी लागते, आणि आपण वाटी तेवढीच भरतो, त्यात फ्लॅटमध्ये पळणार कुठे. पण आमच्याकडे खरी गोची वेगळीच होती. आई पहाटे सहाला द्यायची, मी नऊला, बाबा जेवताना बांगड्याचा तुकडा, आणि प्रत्येकाला वाटायचं बिचारा उपाशीच आहे कारण तो तसा चेहरा करायचा. आता सकाळीच दिवसभराचं ड्राय फूड किचनच्या काट्यावर मोजून एका डब्यात काढतो. कुणीही द्या, पण त्या डब्यातूनच, संपलं की संपलं.

किती द्यायचं? घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी पुरतात, म्हणजे बहुतेक ड्राय फूडचे ५० ते ५५ ग्रॅम, पाकिटावर कॅलरी बघून घ्या. हिशोब वजन किती असायला हवं त्यावर करायचा, आत्ताच्या वजनावर नाही. ट्रीट दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आतच, आणि दूध नकोच, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही.

पण प्लीज उपाशी ठेवू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये फॅट साचून जिवावर बेततं. त्यामुळे आधी व्हेटला दाखवून हळूहळू कमी करा, आठवड्याला वजनाच्या १ टक्का पुरे, म्हणजे ६ किलोच्या बोक्याचे ६० ग्रॅम. अचानक खाणं सोडलं तर वाट न बघता व्हेटकडे.

जेवणाआधी दहा मिनिटं दोरीला पीस बांधून पळवा (नंतर दोरी उचलून ठेवा, गिळतात ही मंडळी). पुठ्ठ्याच्या रोलला भोकं पाडून त्यात दाणे टाकले तर आमचा अर्धा तास गुंतलेला असतो.

आणि पहाटे चारचं ओरडणं. एकदा जरी उठून दिलंत ना, रोज ओरडणार. आम्ही डब्यातले दहा ग्रॅम झोपताना द्यायला राखून ठेवतो. आठ महिन्यांत ५.४ किलोवर आलाय, चारला मात्र अजून उठवून बघतो.