गवत कापायचं मशीन: बॅटरीचं की पेट्रोलचं?

आधी आवारात काय उगवतं ते बघा. घरासमोर गुंठाभर हरळी राखली असेल, तर बॅटरीचं मशीन पुरतं. आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. एका चार्जिंगमध्ये साधारण अर्धा तास काम होतं. भारनियमनाची फार काळजी नको, रात्री लाइन असताना चार्ज करून ठेवा.

पण विदर्भातल्या खेड्यात अशी हरळी कोणाकडे? पोळ्यापर्यंत आवारात कमरेएवढा तरोटा अन् गाजरगवत माजतं. तिथे चाकांचं मशीन, बॅटरीचं असो की पेट्रोलचं, अडतंच. खांद्याला अडकवायचा पेट्रोलचा ब्रश कटर घ्या.

पेट्रोलची खरी डोकेदुखी दिवाळीनंतर सुरू होते. पुढचे सात-आठ महिने मशीन कोपऱ्यात पडून राहतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. शिवाय जुनं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. मग जूनमध्ये कितीही दोरी ओढा, मशीन ढिम्म. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. टू-स्ट्रोक असेल तर पुस्तिकेतल्या मापानेच ऑइल मिसळा, अंदाजपंचे नको.

बॅटरीचा वैरी आपला उन्हाळा. 45 अंशांत टिनाच्या शेडमध्ये ती लवकर खराब होते. काढून, अर्धी चार्ज ठेवून, घरातल्या थंड खोलीत ठेवा.

गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आधीच कापा, तोंडाला दुपट्टा आणि डोळ्यांना चष्मा लावून.