लावणी आटपली की गॅबॉन: पावसाळ्यातल्या सुट्टीचं प्लॅनिंग

आमच्या गुहागर पट्ट्यात होमस्टे चालवणाऱ्याला सुट्टी मिळते ती पावसाळ्यातच. मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते, दिवाळी-नाताळला रूम फुल, मग उरतात ते भाताची लावणी आटपल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस, आणि तेव्हा जायचं कुठे, अर्ध्या देशात पाऊसच. म्हणून हे लिहितोय. कारण ह्याच दिवसांत मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये पाऊस जवळजवळ थांबलेला असतो. आणि कोकणातल्या माणसाला तो देश परका वाटत नाही, लाल माती, खाड्या, खारफुटी, भात-मासे सगळं ओळखीचं, फक्त जंगल आपल्यापेक्षा कितीतरी मोठं.

सगळ्यात आधी महिना नीट समजून घ्या कारण चूक इथेच होते. मध्य आफ्रिकेत कोरडा सीझन कधी, ह्याचं एकच उत्तर नाही. विषुववृत्त गॅबॉनच्या मधूनच जातं. त्याच्या वर चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कॅमेरूनचा बराच भाग, तिकडे कोरडे दिवस आपल्या हिवाळ्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, चाडमधलं झाकुमा पार्क तर पावसात पर्यटकांना बंदच असतं. गॅबॉनमध्ये उलटं, जून ते मध्य सप्टेंबर मोठा कोरडा हंगाम आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास एक छोटा. आम्हाला एका एजंटने ठामपणे सांगितलेलं की आफ्रिका म्हणजे डिसेंबर. ते ऐकलं असतं तर ज्यासाठी गेलो ते व्हेल दिसलेच नसते.

कोरडा म्हणजे ऊन असंही समजू नका. आभाळ दिवस दिवस राखाडी, ऊन कमी, राजधानी लिब्रव्हिलला पहाटे चक्क पातळ जॅकेट लागतं. पाऊस मात्र नाही, त्यामुळे कच्चे रस्ते चालू असतात, जंगलात चिखल कमी आणि डासही थोडे कमी.

आता काय दिसतं आणि काय नाही ते आधीच मनाशी पक्कं करा. जुलै ते सप्टेंबर अंटार्क्टिकाकडून हम्पबॅक व्हेल गॅबॉनच्या किनाऱ्याला येतात, पिल्लं घालायला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेची वाट बघत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात ना, त्याच दिवसांत तिकडे बोटीतून व्हेल बघता येतात, मला हे फार भारी वाटलं. लोआंगो नॅशनल पार्कमध्ये माणसांची सवय झालेले गोरिला आहेत, त्यांच्यामागे गाइडबरोबर चालत जायचं असतं. लोपे पार्कमध्ये जंगलाच्या मधे गवताळ माळ आहेत आणि ह्या सीझनला मँड्रिल माकडांचे शेकडोंचे कळप दिसायची शक्यता जास्त. पण समुद्रकिनाऱ्यावर चालणारे हत्ती, जे फोटो सगळ्यांनी बघितलेत, ते जास्त करून तिकडच्या पावसाच्या महिन्यांतले. कासवंही नाहीत. वेळासला कासव महोत्सव बघून ज्यांना कासवांचं वेड लागलंय त्यांनी लक्षात ठेवा, तिकडची लेदरबॅक कासवं अंडी घालायला नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान येतात, जगातल्या सगळ्यात मोठ्या जागांपैकी ती एक आहे, पण त्यासाठी वेगळी ट्रिप करावी लागेल. ऑगस्टमध्ये ओगोवे नदीचं पाणीही उतरलेलं असतं, वाळूचे पट्टे वर येतात, त्यामुळे नदीतल्या बोटीचं वेळापत्रक शब्दशः धरू नका.

तारखा गणपतीपासून उलट्या मोजा. गणपतीच्या आधी निदान दहा दिवस घरी परत, कारण आल्या आल्या गणपतीवर बांधायच्या माटवीच्या तयारीला लागायचं तर अंगात जीव पाहिजे. प्रवास दोन आठवड्यांचा धरा, त्याहून कमी दिवसांसाठी एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईला फ्लाइटच्या आदल्या दिवशी पोचाच. कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल लागलेलं असतं, गाड्या हळू जातात, कुठे दरड आली की सगळंच अडकतं, आणि हायवेचा भरवसा नाही. लिब्रव्हिलला मुंबईहून डायरेक्ट विमान नाही, आम्ही अदिस अबाबाला बदललं. वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे.

यलो फीवरची लस हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. हिच्याशिवाय गॅबॉनमध्ये घेत नाहीत, आणि परत येताना इकडे भारतातच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. ज्यांच्या घरात कोणी बोटीवर आहे त्यांना लसीच्या सर्टिफिकेटचं ते पिवळं पुस्तक माहीत असेल, माझ्या मेव्हण्याने मला आधी तेच करायला लावलं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, गावातल्या दवाखान्यात नाही. रत्नागिरी-रायगडवाल्यांना मुंबई, सावंतवाडी-मालवणवाल्यांना गोव्यातलं मुरगाव बंदराचं आरोग्य केंद्र जवळ. अपॉइंटमेंट आधी घ्या. सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. अंड्याची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, वय साठच्या वर, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, ह्यातलं काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका, ती जिवंत विषाणूची लस आहे. मी हे काम दोन महिने आधी उरकलं, तुम्हीही तसंच करा.

व्हिसासाठी दिल्लीतल्या गॅबॉनच्या दूतावासाकडून ताजे नियम घ्या, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिकडे लष्कराने सत्ता घेतली होती, नंतर २०२५ मध्ये निवडणूक झाली, तर निघायच्या आधी परिस्थिती बघून घ्या. रस्त्यात चेकपोस्ट असतात, पासपोर्ट-व्हिसाच्या दोन-तीन झेरॉक्स खिशात ठेवा. विमानतळ, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढायचे नाहीत.

पैसे युरोत न्या. तिकडचं चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक, आपल्याकडे मिळत नाही, पण युरोशी त्याचा दर पक्का बांधलेला आहे, १ युरोला ६५५.९५७ फ्रँक, त्यामुळे हिशोब सोपा. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा फ्रँक दिसायला तसाच पण गॅबॉनमध्ये चालत नाही. लिब्रव्हिल महाग शहर आहे, आणि शहराबाहेर कार्ड विसरा. भाषा फ्रेंच. इंग्रजीवर भागत नाही, म्हणून दहा-पंधरा वाक्यं पाठ करूनच जा, आणि कोणालाही काही विचारायच्या आधी बोंजूर म्हणा, न म्हणता थेट प्रश्न विचारणं तिकडे उद्धटपणाचं.

लोपेला जायला ट्रान्सगॅबॉन रेल्वे आहे, लिब्रव्हिलजवळच्या ओवेंदोपासून फ्रान्सव्हिलपर्यंत साधारण ६५० किलोमीटर, सिंगल लाइन. मोआंदाच्या खाणीतलं मँगनीज ह्याच रुळांवरून बंदरात जातं, त्यामुळे पॅसेंजर गाडी क्रॉसिंगला थांबून राहते. कोकण रेल्वेने जन्मभर प्रवास केलेल्यांना ह्यात नवीन काही नाही, फक्त गाडी बहुतेक वेळा रात्रीची असते आणि लोपेला भलत्याच वेळी उतरावं लागतं, म्हणून लॉजवाल्याला न्यायला यायला आधीच सांगून ठेवा. परतीची गाडी आणि घरचं विमान ह्यांच्यात दोन दिवस मोकळे सोडा. लोआंगोला आम्ही पोर्ट-जेंटिलपर्यंत विमानाने आणि पुढे गाडी-बोटीने गेलो, तिथल्या खोल्या मोजक्याच, त्या सगळ्यात आधी बुक करा आणि बाकी प्लॅन त्याभोवती बसवा.

कपडे फुल बाह्यांचे, फिक्या रंगाचे. काळा आणि गडद निळा नको, त्से त्से माशी त्या रंगांवर येते. लष्करी छापाचे कपडेही नकोत. आपली दोन पिनची चार्जर बहुतेक ठिकाणी चालतात. खायला मासे, भात, आपल्या राजेळी केळ्यासारखी मोठी केळी भाजून किंवा तळून, आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाच्या कांड्या, पानात बांधलेल्या. शाकाहारी असाल तर खाऊ बरोबर न्या. रानातल्या प्राण्याचं मटण कोणी आग्रहाने दिलं तरी नको म्हणा, इबोलासारखे आजार त्यातून आलेत आणि जनावरंही संपतायत. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर गोरिला बघायला जाऊच नका, आपली साधी सर्दी त्यांचा जीव घेऊ शकते. गाइड मास्क घालायला सांगेल तेव्हा तो नाकावरून खाली सरकवू नका, पैसे भरलेत म्हणून जवळ जायचा हट्ट नको.

मलेरियाची गोळी जायच्या आधी डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परत आल्यावरही सांगितलंय तेवढे दिवस घ्या, मधे सोडू नका. इन्शुरन्स घेताना विमानाने हलवायचा खर्च त्यात आहे का ते वाचा.

आणि परत आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आपल्याकडे तेव्हा लेप्टो आणि डेंग्यूचा सीझन असतो, डॉक्टर साहजिकच आधी तेच बघतील, म्हणून त्यांनी विचारायची वाट न बघता दारातूनच सांगा की मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियाचं रक्त आधी तपासा.