गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटखाली हात घालताना या चुका टाळा

एअरबॅगचा दिवा लागला की आधी डॅशबोर्डवर संशय जातो. सीट पुढं-मागं केल्यावर किंवा खाली छत्री कोंबल्यावर दिवा लागला असेल, तर आधी सीटखालीच टॉर्च मारा. तिथं पिवळं कनेक्टर दिसेल. पिवळं म्हणजे साइड एअरबॅग किंवा प्रीटेन्शनरची (धडकेच्या वेळी सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची) लाइन. ती ताणली गेलीय का, सीट सरकते त्या रेलवर घासतेय का, एवढं नुसतं डोळ्यांनी बघा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे त्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावणं. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि एअरबॅग तशा करंटवरच उडते. सीट काढायचीच असेल तर चावी बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. कनेक्टर सुटं असताना चावी फिरवली, तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद बसते. मग बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (हे कोड वाचणारं, पुसणारं यंत्र) लावल्याशिवाय दिवा जात नाही.

मार्केट यार्डातून गुळाची ढेप आणून सीटवर ठेवली आणि बेल्टचं टिंगटिंग सुरू झालं, तर काहीही बिघडलेलं नाही. फोमखालच्या सेन्सरला माणूस आणि ढेप सारखेच. ढेप डिकीत टाका. आवाज बंद करायला बकलमध्ये खोटी क्लिप अडकवू नका. अशा क्लिपा विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये कारवाई केलीय. पुढच्या दोन्ही सीटना हा अलार्म नव्या गाड्यांत 1 जुलै 2019 पासून सक्तीचा आहे, तो उगाच नाही.

सीट कव्हर घेताना सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आहे का बघा. असेल तर तिथली शिवण फाटू शकेल असंच कव्हर घ्या. जाड रेक्झिन छान दिसतं, पण एअरबॅग अडवतं.

कोल्हापुरात जुनी गाडी घेताना 2019 आणि 2021 चा पूर डोक्यात ठेवा. सीटच्या रेलवर गंज, कार्पेटखाली गाळ, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला की सावध व्हा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तसं असेल तर आधी स्कॅनर लावायला सांगा, भावाचं नंतर बोला.