नशेत कोणी बेशुद्ध पडलं तर काय करायचं (त्यात जनावरांचं गुंगीचं औषध असेल तर हे वाचाच)

आपल्याकडे बिबट्या वस्तीत घुसला की वनखात्याची टीम डार्ट मारते, ते व्हिडिओ सगळ्या नाशिकने बघितलेत. त्या डार्टमध्ये बहुतेक वेळा केटामाईन आणि झायलाझिन असतं. तेच झायलाझिन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गाईला, कुत्र्याला गुंगी द्यायला वापरतो, आणि घोड्याला जेवढं लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गाय खाली बसते. माणसासाठी याला मान्यताच नाहीये.

अमेरिकेत हे फेंटानिलमध्ये (अफूसारखंच काम करणारं, पण फार कडक रासायनिक औषध) मिसळून विकतात, फिलाडेल्फियात तर भयंकर, तिथे त्याला ट्रँक म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारने हा नवा मोठा धोका म्हणून जाहीर केला, आणि २०२४ पासून त्यात मेडेटोमिडिन यायला लागलं, ते पण जनावरांचंच आणि झायलाझिनपेक्षा कितीतरी कडक. घेणाऱ्याला वाटतं आपण नेहमीचाच माल घेतोय. आपली किती पोरं तिकडे शिकायला आहेत, त्यांना हे पाठवा. आणि इथे गर्द (अफूपासूनची ब्राऊन शुगर) घेणारे आहेत, मालेगावात कुत्ता गोळी (नशेसाठी घेतात ती अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी) आहे, त्या घरांनीही वाचा, कारण माणूस पडल्यावर करायचं ते बरंचसं सारखंच आहे.

आधी हलवा, जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मूठ घासा. तरी उठत नाही, ओठ-नखं निळी पडलीत, घोरल्यासारखा आवाज येतोय किंवा श्वास फार हळू चाललाय तर लगेच १०८ ला फोन (अमेरिकेत ९११). पोलीस येतील, नाव खराब होईल म्हणून थांबू नका, प्लीज. कांदा हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं, मीठपाणी देऊन उलटी काढणं हे काहीही करायचं नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं फुफ्फुसात जातं.

मग श्वास बघा. चालत नसेल किंवा अगदी मंद असेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने दर पाच-सहा सेकंदाला एक श्वास द्या, छाती वर येतेय ना ते बघत बघत. जनावरांच्या औषधाने गुंगी येते, नाडी आणि बीपी खाली जातं, आणि सोबत फेंटानिल किंवा गर्द असेल तर श्वासच बंद पडतो, म्हणून माणूस वाचतो तो या श्वासावर.

नॅलोक्सोन हाताशी असेल तर द्याच. अमेरिकेत त्याचा नाकातला स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडे दवाखान्यात इंजेक्शन असतं. ते अफूजन्य नशा उतरवतं, झायलाझिन नाही, मेडेटोमिडिन नाही, कुत्ता गोळी पण नाही. म्हणून होतं काय, श्वास परत सुरू होतो पण माणूस डोळे उघडत नाही, आणि घाबरून लोक डोसवर डोस देत सुटतात. एक डोस दिला की दोन-तीन मिनिटं थांबा, तेवढ्या वेळात श्वास देत राहा, आणि श्वास नीट झाला असेल तर तो झोपलेला का असेना, पुढचा डोस नको. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून ठेवा आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत एकटं सोडू नका. आमच्याकडे जनावरांची गुंगी उतरवायला योहिंबिन वापरतात, ते माणसाला टोचायचा विचारसुद्धा करू नका.

डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा, पुडी किंवा सिरिंज जपून सोबत न्या, कारण नेहमीच्या लघवीच्या टेस्टमध्ये झायलाझिन दिसत नाही.

जखमांचं वेगळंच आहे. झायलाझिनमुळे हातापायाची कातडी काळी पडून सडते, जिथे सुई टोचली नाही तिथेसुद्धा. साबण-पाण्याने धुवा, स्पिरिट किंवा पेरॉक्साईड ओतू नका, व्हॅसलिन लावून न चिकटणारी पट्टी बांधा, आणि काळं, वास येणारं दिसलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या.

आणि घरच्यांनो, पोराला खोलीत कोंडून नशा सोडवू नका. मेडेटोमिडिन अचानक बंद झालं की बीपी आणि नाडी इतकी चढते, उलट्या, थरथर इतकी होते की आयसीयू लागतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाईन आहे, मन फार बिघडलं असेल तर टेलिमानस १४४१६. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये कारवाईपासून सूट आहे, हे वकिलाकडून नीट समजून घ्या आणि त्यालाही सांगा.

गोठ्यात, फार्मवर झायलाझिनची बाटली ठेवत असाल तर कपाटाला कुलूप लावा, आजच.