बॉल पायथनची जोडी लावण्याआधी

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप आहे; आपल्या शिवारात आढळणारा अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो पकडून पाळणे हा गुन्हा आहे, हे आधी स्पष्ट असावे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे बॉल पायथनचीही नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते आणि पिल्ले झाली की तेही कळवावे लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील, तर साप घेऊच नये.

मादी किमान तीन वर्षांची आणि सुमारे दीड किलोची झाल्याशिवाय जोडी लावू नये. 'स्पायडर' या रंगप्रकारात मान डळमळण्याचा मज्जासंस्थेचा दोष जन्मतःच येतो, म्हणून त्याची पैदास मी तरी अयोग्य मानतो.

खरी कसोटी अंड्यांची असते. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून ते त्याच स्थितीत ओलसर व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या थरावर) ठेवावे, कारण ते उलटले तर गर्भ दगावू शकतो. अंधारात टॉर्च टेकवली की जिवंत अंड्यात लालसर शिरांचे जाळे दिसते. अंडी उबवण्याच्या पेटीत ३१ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान सुमारे ६० दिवस टिकवायचे असते आणि परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे येथे ऊब देण्यापेक्षा उष्णता रोखणे अवघड जाते. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवावी आणि वीज जाण्याची शक्यता धरून थर्मोस्टॅट इन्व्हर्टरला जोडावा.

पिल्ले पहिली कात टाकल्यानंतर खाऊ लागतात. सलग काही वेळा स्वतःहून खाल्ल्याशिवाय कोणतेही पिल्लू दुसऱ्याच्या हाती देऊ नये.