धर्मग्रामातला युवांचा मासिक कार्यक्रम : गटचर्चा कशी चालवावी

वसईपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात, युवांचा कार्यक्रम म्हणजे बॅनर, बाहेरून बोलावलेला वक्ता, तासदीड तासाचं भाषण आणि शेवटी जेवण. पहिल्यांदा हॉल भरतो, तिसऱ्या महिन्याला पुढच्या दोन रांगा उरतात. मग मोबाइलला आणि ‘हल्लीच्या मुलांना’ दोष दिला जातो. खरं कारण साधं आहे. आलेल्या मुलाला एवढ्या वेळात एक वाक्यही बोलायला मिळालेलं नसतं, त्यामुळे पुढच्या वेळी तो आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कार्यक्रमाचा कणा गटचर्चा असावी. बाकी सगळं तिच्याभोवती बसवा.

तारीख ठरवताना हॉल रिकामा आहे का हे शेवटी बघा, आधी मुलांचे कामाचे आणि परीक्षांचे दिवस बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं धरूच नका. वसईत शनिवारची संध्याकाळ बाद, कारण मुंबईहून लोकलने घरी पोचेपर्यंत रात्र झालेली असते. रविवारी दुपारी ४ ते ६.३० ही वेळ बहुतेक ठिकाणी जमते. अर्नाळा, पाचूबंदर, उत्तन अशा कोळी गावांत डोलीच्या (भरतीओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवायच्या) जाळ्यांची घाई उधाणाला असते. तिथे अमावास्या-पौर्णिमेजवळचा रविवार सोडा आणि अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा रविवार घ्या. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत बोटीवर जाणारी मुलं गावातच असतात, म्हणून कोळीवाड्यात वर्षाची सुरुवात जूनमध्ये करावी. भातशेतीच्या गावात मात्र जुलै लावणीचा असतो. सावंतवाडी-बांद्याकडची मुलं रोज गोव्यात कामाला जातात, मुंबईला गेलेली मे महिन्यात आणि नाताळात येतात. त्या चाकरमान्यांसाठी त्या दोन वेळा वेगळं काही ठेवा. ख्रिस्तराजाचा सण नोव्हेंबरच्या शेवटाकडे येतो, आणि २०२१ पासून कॅथलिक चर्चचा स्थानिक पातळीवरचा जागतिक युवा दिन त्याच रविवारी असतो. तो वर्षाचा मुख्य दिवस धरून मागे मोजत चला.

मुलांची यादी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या) नोंदवहीतून काढा, गेल्या दहा वर्षांची. व्हॉट्सॲप ग्रुपवरून यादी केलीत तर जे आधीपासून येतात तेच सापडतील. प्रमुख धर्मगुरूंची परवानगी, वर्गखोल्यांच्या किल्ल्या, चहा-वडापाव हे सांगायला नको.

आता गटचर्चा. गडबड इथेच होते, आणि तीही दर वेळी त्याच चार-पाच ठिकाणी.

गटात गटप्रमुखासह सात जण असावेत, फार तर आठ. बारा जणांच्या गटात चार बोलतात आणि आठ ऐकतात. पुढच्या वेळी ते आठ जण घरी राहतात. चाळीस मुलं अपेक्षित असतील तर सहा-सात गटप्रमुख लागतील. तेवढे नसतील तर गट मोठे करू नका, कमी मुलांना बोलवा. १६ ते १८ वयाची मुलं वेगळी ठेवा. नोकरी करणाऱ्या पंचविशीच्या मुलासमोर अकरावीतली मुलगी तोंड उघडत नाही. सख्खी भावंडं एका गटात नकोत, जोडपीही नकोत. एकदा केलेले गट निदान चार महिने मोडू नका. दर वेळी चिठ्ठ्या टाकून नवे गट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. ओळख वाढते म्हणतात, पण विश्वास बसायच्या आत गट मोडलेला असतो.

गटप्रमुख तरुणच हवा, वीस ते अठ्ठावीसचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली युवांना उद्देशून जे प्रेषितीय बोधपत्र लिहिलं, त्यात युवकार्य करणारे स्वतः युवाच असले पाहिजेत असा आग्रह आहे. तो कागदावर राहतो, कारण आपण गट सिस्टरांच्या किंवा धर्मशिक्षणाच्या शिक्षकांच्या हाती देतो. फादरांनी तर कुठल्याच गटात बसू नये. ते गटात असले की प्रत्येक जण बरोबर उत्तर शोधू लागतो, आणि ते उत्तर सगळ्यांना सहावीपासून पाठ असतं. तेवढा वेळ फादरांनी चर्चमध्ये पापनिवेदनासाठी बसावं. तिकडे वळणारी मुलं असतात.

प्रश्न तीनच काढा, आणि ते काढायला वेळ द्या. ‘प्रार्थना महत्त्वाची आहे का?’ हा प्रश्न मेलेला आहे. हो म्हटलं की संपलं. ‘युवा चर्चला का येत नाहीत?’ हा त्याहून वाईट, कारण त्यातून गैरहजर माणसांवर टीका सुरू होते आणि हजर माणूस स्वतःबद्दल काहीच बोलत नाही. लूकच्या पाचव्या अध्यायातला उतारा घ्या : पेत्र रात्रभर कष्ट करतो, जाळ्यात काही येत नाही, तरी येशूच्या शब्दावरून पुन्हा जाळी सोडतो. पहिला प्रश्न असा हवा की श्रद्धेविषयी काहीही न बोलता उत्तर देता यावं : ‘या आठवड्यात सगळ्यात जास्त दमलात तो दिवस कुठला?’ दुसरा उताऱ्याला धरून : ‘पेत्राच्या जागी तुम्ही असता तर येशूला काय म्हणाला असता?’ तिसरा आपल्या आयुष्याचा : ‘कशासाठी भरपूर राबलात आणि हाती काही आलं नाही? ते पुन्हा करून बघाल का?’ हा क्रम बदलू नका. तिसरा प्रश्न आधी विचारलात तर गट गप्प होईल आणि तासभर गप्पच राहील.

भाषेकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि नुकसान तिथेच सर्वांत जास्त होतं. इंग्रजी माध्यमातल्या बऱ्याच मुलांना मराठी बायबल अडखळत वाचता येतं. ऐनवेळी ‘तू वाच’ म्हटलं की ती मुलगी सगळ्यांसमोर अडखळते आणि पुन्हा येत नाही. वाचणाऱ्याला उतारा दोन दिवस आधी द्या. प्रश्न घरच्या बोलीत विचारा, वसईत कादोडी किंवा वाडवळी, सिंधुदुर्गात मालवणी किंवा कोंकणी, कोर्लईत पोर्तुगीजातून आलेली गावची बोली. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला पुस्तकीच उत्तर येतं.

बसायला सतरंजी, गोल करून, धर्मशिक्षणाच्या वर्गात. बाक बाजूला सारा. दोन गट एका खोलीत बसवू नका. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकेक मिनिट, आणि ‘पुढे’ म्हणून आपली पाळी सोडायची मुभा. सोडणाऱ्याला कारण विचारायचं नाही, त्याच्याकडे पाहून हसायचंही नाही. प्रश्न विचारल्यावर गटप्रमुखाने मनात तीसपर्यंत अंक मोजावेत. शांतता पसरली की नवा गटप्रमुख घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. त्यानंतर कुणी बोलत नाही. चाळीस मिनिटांत त्याचं स्वतःचं बोलणं आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये. ही सवय आपोआप लागत नाही. आधीच्या बुधवारी सगळ्या गटप्रमुखांना तासभर बसवून त्यांच्याच गटात तेच तीन प्रश्न विचारा. ज्या प्रश्नावर ते स्वतः अडतात, तो बदला.

चर्चा संपल्यावर प्रत्येक गटाच्या प्रतिनिधीने माइकवर अहवाल द्यायची पद्धत बंद करा. अहवाल द्यायचा म्हटलं की मुलं अहवालासाठी बोलतात, आणि मनातलं कुणी सांगितलंच असेल तर ते माइकवरून गावभर होतं. त्याऐवजी प्रत्येक गटाने एका वाक्याची विनंती लिहून द्यावी, नाव न घालता. समारोपाच्या मिस्सात, म्हणजे फादरांनी चालवलेल्या चर्चमधल्या उपासनेत, ती प्रार्थनेत वाचावी.

एक इशारा. गटातलं बोलणं बाहेर जाणार नाही असं सांगा, पण गुप्ततेचं सरसकट वचन देऊ नका. अठराखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. धर्मग्रामाचं नाव जाईल म्हणून मिटवामिटवी करणारी वडीलधारी मंडळी भेटतील. त्यांचं ऐकू नका, मुलाच्या बाजूने उभे राहा. जीव देण्याची भाषा कुणी केली तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ प्रत्येक गटप्रमुखाकडे असू द्या. खोलीचं दार उघडं हवं, आणि एकट्या अल्पवयीन मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नको.

बाकीचा वेळ असा : २० मिनिटं गाणी आणि खेळ, १० मिनिटं वाचन, ४० मिनिटं गट, १५ मिनिटं चहा, उरलेल्यात मिस्सा. वक्ता बोलवायचाच असेल तर वर्षातून दोनदा, गटचर्चेनंतर, वीस मिनिटं. बँड आणि स्पीकर नसले तरी काही बिघडत नाही. सणाच्या दिवशी कार्यक्रम लांबला तर रात्री १० नंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद.

आमंत्रण गटप्रमुखाने आपल्या सहा जणांना फोन करून द्यावं. ग्रुपवर टाकलेला रंगीत पोस्टर आमंत्रणात धरू नका. जो आला नाही त्याला बुधवारच्या आत पुन्हा फोन जायला हवा. ‘का आला नाहीस’ असं विचारायचं नाही. गटात कोणता प्रश्न होता ते सांगायचं आणि त्याचं उत्तर फोनवरच ऐकायचं.